न्हाणीघरातील लाकूड आणि नैसर्गिक तेलांचे लेप

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी आणि निर्मळ यांच्या परिसरात नंदाखाल हे गाव वसले आहे. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे हे जन्मगाव होय. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, फुलांच्या वाड्या, विहिरी आणि पावसाचे गोडे पाणी साठवून ठेवणारी बावखले ही या हरित पट्ट्याची ओळख आहे. ज्या ओलाव्यावर येथील शेती पोसली गेली, तोच ओलावा घरातील लाकडाचा मात्र शत्रू ठरतो. त्याचा पहिला फटका बसतो तो न्हाणीघरातील लाकडी सामानाला.

पूर्वी कोकणपट्टीतील बहुसंख्य घरांत अंघोळीची जागा मागील दारी, विहिरीजवळ किंवा वाडीच्या कडेला असे. तेथील लाकडी पाट दिवसातून दोनदा भिजे. पण त्याला ऊन आणि वारा मिळत असल्यामुळे तो दुपारपर्यंत कोरडा होई. आता न्हाणीघर घरात आले आहे. भिंतींना फरशा लागल्या, गरम पाण्याच्या बंबाची वाफ खोलीत कोंडू लागली आणि हवा खेळण्यासाठी एखादी अरुंद खिडकीच काय ती उरली. त्याच खोलीत दार, चौकट, आरशाचे कपाट, फळ्या आणि वृद्धांना बसून अंघोळ करण्यासाठी चौरंग असे लाकडी सामान असते. हे लाकूड भिजते पूर्वीइतकेच, पण वाळत नाही. चौकटीचा पाय काळा पडणे, दार फुगून अडकणे आणि चौरंगाचे सांधे सैल होणे या नित्याच्या तक्रारींचे मूळ या बदलात आहे. सैल झालेल्या चौरंगावरून वृद्ध मनुष्य पडल्यास त्याची किंमत लाकडाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते, हे सांगावयास नकोच.

यावर उपाय म्हणून अनेक कुटुंबे आता रासायनिक रोगणांऐवजी नैसर्गिक तेले, मेण व लाख यांकडे वळू लागली आहेत. ही आवड स्वागतार्ह आहे. तथापि, ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थाचा उगम सांगतो, त्याचा गुण सांगत नाही. कोणते तेल वाळते, कोणते वाळत नाही, कोणता लेप साबणापुढे टिकतो आणि कोणता विरघळतो, हे जाणून निवड केली तरच खर्च सार्थकी लागेल.

लाकूड आणि हवेतील बाष्प

लाकूड तोडल्यानंतरही हवेशी देवाणघेवाण करीत राहते. हवा दमट झाली की ते बाष्प शोषून घेते, कोरडी झाली की ते परत देते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला वाढण्यास साधारणतः २० टक्क्यांहून अधिक पाणी लागते. म्हणजे पावसाळ्यातील किनारपट्टीचे बंद न्हाणीघर हे या धोक्याच्या उंबरठ्यावरच उभे असते. त्यात प्रत्यक्ष पाणी मुरले की तो उंबरठा ओलांडला जातो.

भारतीय मानक ब्युरोने लाकडातील पाण्याच्या अनुज्ञेय प्रमाणासंबंधी जे मानक ठरविले आहे, त्यात सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. कोरड्या प्रदेशात जे लाकूड योग्य समजावे तेच दमट प्रदेशात योग्य ठरेल असे नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. विदर्भातील सुताराचा अनुभव वसईत जसाच्या तसा लागू पडत नाही, तो याच कारणाने.

पाणी शोषले की लाकूड फुगते, परंतु सर्व बाजूंनी सारखे नव्हे. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. रुंदीत वाढते, आणि वाढवलयांच्या दिशेने होणारी वाढ ही गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या वाढीच्या सुमारे दुप्पट असते. तुलनेने स्थिर मानल्या जाणाऱ्या सागाची ३० सेंटिमीटर रुंदीची साधी फळीदेखील उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार मिलिमीटरांच्या आसपास रुंदावू शकते. जूनमध्ये दार अडकते आणि डिसेंबरात सुटते, याचे कारण हेच होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोणतेही नैसर्गिक तेल हवेतील बाष्पाला पूर्णपणे अडवू शकत नाही. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेने १९८५ मध्ये लाकडावरील अनेक लेपांची बाष्परोधक शक्ती मोजून प्रसिद्ध केली. जवसाच्या तेलाचे तीन लेप दिलेले लाकूड अतिदमट हवेत दोन आठवडे ठेवल्यावर जवळजवळ उघड्या लाकडाइतकेच बाष्प शोषून घेते, असे त्यात आढळले. तुंग तेल पहिल्या दिवशी बरेच सरस ठरले, पण दोन आठवड्यांनंतर तेही निष्प्रभ झाले. वितळलेल्या मेणात बुडवून काढलेले लाकूड मात्र अखेरपर्यंत बव्हंशी कोरडे राहिले.

मग तेल लावावेच कशाला? तेलाचे काम वेगळे आहे. अंगावर पडलेले पाणी ते आत शिरू देत नाही, थेंब ओघळून जातो आणि पुढील अंघोळीपूर्वी लाकडाला कोरडे होण्यास अवधी मिळतो. तेलाचा लेप म्हणजे वाळण्यासाठी मिळवलेला वेळ होय. वाळण्याची सोयच नसेल तर तो वेळ वाया जातो.

वाळणारी व न वाळणारी तेले

वनस्पतिज तेलांचे या दृष्टीने दोन मुख्य प्रकार पडतात. काही तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात आणि लाकडाच्या रंध्रांत चिवट पापुद्रा तयार करतात. काही तेले वर्षानुवर्षे तेलच राहतात. हा फरक रसायनशास्त्रात आयोडीन मूल्याने मोजला जातो. खोबरेल तेलाचे आयोडीन मूल्य १० च्या आसपास, शेंगदाणा तेलाचे साधारण ८५ ते १००, तर जवसाच्या तेलाचे १७० हून अधिक असते. हा आकडा जितका मोठा, तितकी तेलाची वाळण्याची क्षमता सामान्यतः अधिक.

खोबरेल तेल कोकणात घरोघरी असते, म्हणून पाटाला तेच चोळण्याचा मोह होतो. लाकूड तात्पुरते चकाकते. पण तेल वाळत नाही, त्यावर धूळ व साबणाचा मळ बसतो, काही दिवसांनी खवट वास येऊ लागतो आणि पहिल्या गरम पाण्याबरोबर बरेचसे तेल निघून जाते. शेंगदाणा तेलाचीही थोड्याफार फरकाने हीच गत आहे.

किनाऱ्यावर आढळणाऱ्या उंडीच्या बियांचे आणि करंजाचे तेल यांना परंपरेचा आधार आहे. दिव्यासाठी आणि होड्यांच्या निगेसाठी ही तेले वापरली जात. करंज तेलात कीटकांना अप्रिय असे घटक असल्यामुळे कुंपणाच्या खांबांना व उघड्यावरील लाकडाला ते उपयोगी पडते. परंतु दोन्ही तेले नीट वाळत नाहीत आणि त्यांना उग्र वास असतो. म्हणून न्हाणीघरातील सामानासाठी ती टाळावीत.

काजूच्या टरफलांचे तेल हे कोकणातील आणखी एक जुने साधन. होड्यांच्या लाकडावर ते परिणामकारक ठरले आहे. मात्र काजू आणि बिबा ही एकाच कुळातील झाडे. टरफलाच्या कच्च्या तेलातील दाहक द्रव्यांनी कातडी भाजल्यासारखी होते व फोड येतात. ज्यावर उघड्या अंगाने बसावयाचे त्या चौरंगाला हे तेल कदापि लावू नये. नैसर्गिक ते सारे निरुपद्रवी, या समजुतीला हे उत्तम उत्तर आहे.

उरले जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल आणि तुंग तेल. जवस हे विदर्भातील जुने पीक. त्याचे तेल सर्वत्र मिळते आणि लाकडात खोल मुरते. कच्चे तेल वाळण्यास अनेक दिवस लागतात. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ किंवा ‘डबल बॉइल्ड’ नावाने मिळणारे तेल लवकर वाळते, कारण त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार शोषक म्हणून मिसळलेले असतात. पूर्वी यासाठी शिशाचे क्षारही सर्रास वापरले जात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली करण्यात आले. तरीही डब्यावरील मजकूर वाचूनच तेल घ्यावे. निनावी सुटे तेल घेऊ नये.

जवसाच्या तेलाचा एक दोष ध्यानात ठेवावा. अंधाऱ्या, कोंदट जागी त्यावर काळी बुरशी धरते, कारण ते बुरशीला अन्न पुरविते. तुंग तेल हे मूळचे चीनमधील तुंग वृक्षाच्या बियांचे. त्यातील मेदाम्लांची रचना अशी असते की त्याचा पापुद्रा अधिक घट्ट होतो आणि पाण्याला अधिक दाद देत नाही. ते महाग असून सर्वत्र मिळत नाही. शुद्ध तुंग तेल मिळाले व परवडले तर ते पहिल्या पसंतीचे समजावे. अन्यथा चांगल्या प्रतीचे जवसाचे तेल पुरेसे आहे, मात्र खोलीत हवा खेळती हवी.

लाख, मेण आणि राळ

महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूस पळस व कुसुम या झाडांवर लाखेचे उत्पादन होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश देखणे असते व चटकन वाळते. परंतु पाणी साचले की त्यावर पांढरे डाग पडतात, आणि लाख ही अल्कधर्मी द्रवात विरघळते. साबण व धुण्याचा सोडा अल्कधर्मीच असल्यामुळे न्हाणीघरातील उघड्या पृष्ठभागावर लाख टिकत नाही. आरशाच्या कपाटाच्या आतील बाजूस मात्र ती योग्य आहे. बंद जागेत तेलाचा वास कोंडून राहतो, तसा लाखेचा राहत नाही.

मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. एकटे मेण पृष्ठभागावर मऊ राहते व गरम पाण्याने लवकर झिजते. परंतु वाळलेल्या तेलावर त्याचा पातळ हात दिला तर थेंब चांगले ओघळतात. वजनाने एक भाग मेण व चार भाग जवसाचे तेल, असे मिश्रण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून थंड केले की लोण्यासारखा लेप तयार होतो. तेल-मेण थेट विस्तवावर कधीही ठेवू नये. हा लेप फळ्या, कपाटे, मुठी यांना द्यावा. पाटाच्या किंवा चौरंगाच्या माथ्यावर आणि पाय ठेवावयाच्या फळीवर मेण लावू नये. साबणाच्या पाण्याबरोबर ते निसरडे होते.

राळ आणि जवसाचे तेल एकत्र शिजवून केलेले रोगण हे नुसत्या तेलापेक्षा पाणी अधिक रोखते. ते शिजविणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असल्यामुळे घरी करू नये, तयारच घ्यावे. मात्र त्याचा जाड पापुद्रा एका ठिकाणी तडकला की पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. मग सारा पापुद्रा खरवडून पुन्हा लेप द्यावा लागतो. तेलाच्या लेपाची दुरुस्ती जागच्या जागी होते, हा त्याचा मोठा गुण होय.

लेप देण्याची रीत

आगाशी-नंदाखालच्या परिसरात राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत. केळी सुकविण्यास जी कोरडी हवा लागते, तीच तेल वाळण्यासही लागते. पावसाळ्यात दिलेला लेप चिकट राहतो आणि फुगलेल्या लाकडातील पाणी आतच कोंडले जाते. यास्तव नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. दिवाळी-नाताळच्या सुमारास घरे रंगविण्याची प्रथा असल्याने हे काम त्या ओघात सहज होऊ शकते.

सामान उन्हाच्या तिरिपीत नव्हे, तर सावलीतील वाऱ्यावर आठ-दहा दिवस कोरडे करावे. जुने रोगण खरवडून, पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून घ्यावे. सागात स्वतःचे तेल असते. म्हणून सागाचा पृष्ठभाग लेपापूर्वी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्यावा.

पहिल्या लेपासाठी तेल व टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळावे, म्हणजे ते खोल मुरते. पुढील दोन-तीन लेप निव्वळ तेलाचे द्यावेत. प्रत्येक लेपानंतर अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे. जाड थर दिला की काम लवकर होते हा भ्रम आहे. जाड थर वरून वाळतो व आतून चिकट राहतो. दोन लेपांत तयार तेलासाठी किमान एक-दोन दिवसांचे आणि कच्च्या तेलासाठी आठवड्याचे अंतर ठेवावे. शेवटच्या लेपानंतर तीन-चार आठवडे ते सामान पाण्यात वापरू नये.

सर्वांत अधिक काळजी लाकडाच्या टोकांची घ्यावी. झाडात मुळांकडून शेंड्याकडे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या फळीच्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडतात. तेथून पाणी पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने आत शिरते. चौकट पायापासून कुजते, ती याचमुळे. चौरंगाचे पाय तेलाच्या उथळ थाळीत रात्रभर उभे ठेवावेत. दार बिजागऱ्यांतून काढून त्याच्या खालच्या कडेला तेलाचे लेप द्यावेत आणि ते वाळल्यावर वितळलेले मेण चोळावे. सहसा सुतार ही कड तशीच सोडतात, कारण ती कोणाच्या नजरेस पडत नाही. लेप सर्व बाजूंना सारखे द्यावेत. एकाच बाजूस दिल्यास फळी वाकते.

एक गंभीर सूचना येथे आवश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास तेल वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच अशी फडकी पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळू द्यावीत. शाळांच्या कार्यशाळांत हा नियम फलकावर लिहून ठेवणे हिताचे ठरेल. टर्पेंटाइनचे काम खिडक्या उघड्या ठेवून व विस्तवापासून दूर करावे.

लेपाआधी रचना

उत्तम लेपही चुकीच्या रचनेला वाचवू शकत नाही. चौरंगाचा माथा अखंड फळीचा न करता पट्ट्यांचा करावा व पट्ट्यांत आठ-दहा मिलिमीटरांची फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळून जाईल. कडा गोल कराव्यात, कारण तीक्ष्ण कडेवर लेप पातळ बसतो. पायांना रबराची टोपणे बसवून लाकूड फरशीपासून उचलून घ्यावे. टोपणात पाणी साचणार नाही हे मात्र पाहावे. चौकट थेट फरशीत न रोवता तिच्या खाली दगडाचा तुकडा द्यावा. ओल्या चुन्याशी किंवा सिमेंटशी लागून असलेल्या लाकडावरील तेल लवकर नष्ट होते, म्हणून तेथे डांबराचा थर योग्य होय.

खोलीत समोरासमोर, किंवा निदान वर-खाली अशा दोन झरोक्यांची योजना असावी. अंघोळीनंतर दार उघडे ठेवावे, चौरंग पुसून भिंतीशी तिरका उभा करावा. ही सवय दोन लेपांच्या बरोबरीची आहे. लाकूड धुण्यासाठी सोडा किंवा आम्ल वापरू नये. साधे पाणी व मऊ फडके पुरे.

लेप टिकला आहे की नाही हे पाण्याचे चार थेंब सांगतात. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे. तो पसरून लाकूड काळवंडले, तर लेप नव्याने देण्याची वेळ आली असे समजावे. नित्य भिजणाऱ्या पाटा-चौरंगांना वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, एक लेप द्यावाच लागतो. ज्या घरात किंवा संस्थेत एवढी निगा शक्य नाही, तेथे न्हाणीघरात लाकूड न वापरता दगड किंवा धातू वापरणे अधिक शहाणपणाचे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. बागायती गावांत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या जातात, तेव्हा न्हाणीघराची दारे आणि सामान हा देखभालीचा मोठा विषय होतो. आश्रमशाळा, वसतिगृहे व अंगणवाड्या यांनाही तो चुकलेला नाही. अशा वेळी मागणीपत्रात केवळ ‘लाकडी दार, पॉलिशसह’ असे न लिहिता कोणते तेल, किती लेप, टोकांना लेप दिला की नाही आणि खालची कड मेणाने बंद केली की नाही, याचा स्पष्ट उल्लेख असावा. दार बसविण्यापूर्वी ते आडवे असतानाच त्याची खालची कड तपासावी. एकदा ते उभे राहिले की तपासणी होत नाही.

शिक्षकांना हा विषय विज्ञानाच्या तासाला घेता येईल. एकाच फळीचे चार सारखे तुकडे कापून एक कोरा ठेवावा आणि इतरांना खोबरेल तेल, जवसाचे तेल व मेण यांचे लेप द्यावेत. लेप वाळल्यावर सर्वांचे वजन करावे, तुकडे एक तास पाण्यात ठेवावेत आणि पुन्हा वजन करावे. कोणत्या तुकड्याने किती पाणी प्याले, हे तराजूच सांगेल. न वाळणारे आणि वाळणारे तेल यांतील भेद मुलांना पाठ करावा लागणार नाही.

साग वाढण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागते. त्याची चौकट दहा वर्षांत कुजली, तर पैशाबरोबर ते झाडही वाया जाते. योग्य तेल, झाकलेली टोके, निथळणारी रचना आणि वर्षातून एक दिवसाची निगा एवढ्याने त्याच लाकडाचे आयुष्य कितीतरी वाढते. यासाठी लागणारी बहुतेक साधने जवळच्या बाजारात मिळतात आणि कौशल्य गावातील सुताराजवळ आहे. कामाचे स्वरूप त्याला नेमक्या शब्दांत सांगणे आणि ते तसे झाले की नाही हे पाहणे, हे काम मात्र घरमालकाचे व संस्थाचालकांचे आहे.